मोरनी सावली पडस का? शहराच्या सौंदर्यावरून आपली भांडणं का होतात

माझं माहेर तालुक्याच्या गावी. तिथे स्टँडसमोरच्या चौकात एक निंब होता. दोघांनी हात धरले तर जेमतेम वेढा पुरायचा एवढा त्याचा बुंधा. खाली रसवंती, पंक्चरवाल्याची पेटी आणि दुपारच्या बसची वाट बघणारी दहा-पंधरा माणसं कायम. मागच्या वर्षी चौकाचं सुशोभीकरण झालं आणि निंब गेला. त्याच्या जागी गोल कठडा आला, कठड्यात बारीक गवत, मधोमध स्टीलचा मोर. रात्री पिसाऱ्यातून निळे, हिरवे, जांभळे दिवे फिरतात. पुढे लाल बदाम आणि इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव.

धुळ्याच्या मामांना ते फार आवडलं. "आता कुठे हे गाव शहरासारखं दिसतंय, बेटा. आधी होतं काय? पाला आणि पिचकाऱ्या." आई काही बोलली नाही, पण भाजीची पिशवी तिने जरा जोरातच खाली ठेवली. रसवंतीवाला आता शंभर पावलं पुढे, एका बंद दुकानाच्या शटरला गाडी चिकटवून उभा असतो. त्याला विचारलं, कसा वाटला मोर? त्याने फडक्याने ग्लास पुसत सांगितलं, "चांगला शे. पन मोरनी सावली पडस का, ताई?" म्हणजे, मोराची सावली पडते का?

खानदेशात सध्या कुठलंही स्थानिक पान उघडा, दुभाजकात खजुराची झाडं, पुलाखाली रंगवलेली चित्रं, तलावाकाठी सेल्फी पॉइंट यांची एखादी तरी बातमी असते आणि तिच्याच खाली अतिक्रमण हटवल्याची. वाचणारे निम्मे म्हणतात "भारी", निम्मे म्हणतात "पैशाची नासाडी". मग कुणीतरी शहाणा मध्ये पडून सांगतो की सौंदर्य ज्याच्या त्याच्या नजरेत असतं, सोडून द्या. मला ही सोडवणूक पटत नाही. या प्रश्नावर जगभरात दोनशेहून जास्त वर्षं नेमकं भांडण झालेलं आहे. ते समजून घेतलं तर आपल्या चौकाबद्दलही जरा नेमकं भांडता येईल.

भरीत आवडणं वेगळं, चौक सुंदर असणं वेगळं

मला भरीत आवडतं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचलेली हिरवी मिरची आणि लसूण, वर कांद्याची पात. माझ्या पुण्याच्या जावेला त्याचा वासही सहन होत नाही. यावरून आमचं भांडण होत नाही. तिने खाऊ नये, माझ्या वाटणीला जास्त येतं.

पण तीच जाऊ म्हणाली, "तुमचं जळगाव काही सुंदर नाही हं," की मला लगेच काहीतरी बोलावंसं वाटतं. मी तिला मेहरूण तलावाकाठची सकाळ सांगायला लागते. असं का होतं? इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० मध्ये यावर बोट ठेवलं. "मला आवडतं" म्हणताना आपण फक्त आपल्याबद्दल बोलतो. "सुंदर आहे" म्हणताना मात्र समोरच्यानेही ते मान्य करावं अशी आपली अपेक्षा असते. दोन अधिक दोन चार यासारखं ते सिद्ध करता येत नाही, तरीही आपण मागे हटत नाही. सौंदर्यशास्त्र नावाची तत्त्वज्ञानाची शाखा बरीचशी याच पेचावर जगते. (असले प्रश्न आपल्याला परके आहेत असं समजू नका. अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर १९१६ पासून उभं आहे.)

म्हणजे "सुंदर" हा शब्द उच्चारला की कारणं द्यावी लागतात. आणि कारणं ऐकायला लागलं की गंमत कळते. लोकांच्या आवडी जेवढ्या वेगळ्या आहेत असं वाटतं तेवढ्या नसतात. ते उभेच वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

बघणारा उभा कुठे आहे?

मामा मोर बघायला आले ते गाडीने, रात्री आठला, जेवण झाल्यावर. आई त्या चौकातून जाते ती सकाळी अकराला, पायी, हातात दोन पिशव्या घेऊन. रसवंतीवाला तिथे दिवसाचे दहा तास उभा असतो. या तिघांनी एकच चौक पाहिला असं म्हणणंच चूक आहे.

डेन्मार्कचे वास्तुविशारद यान गेल यांनी हा फरक वेगाच्या भाषेत मांडला. ताशी ५ किलोमीटरने चालणाऱ्या माणसाचं शहर वेगळं आणि ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीचं शहर वेगळं. गाडीतून बारीकसारीक दिसत नाही, म्हणून तिथे सगळं मोठं, ठळक आणि दूर दूर लागतं: मोठी पाटी, मोठा पुतळा, लांबच लांब दुभाजक. पायी चालणाऱ्याला हेच कंटाळवाणं वाटतं. त्याला दर चार पावलांवर काहीतरी हवं असतं. ओट्यावर बसून तांदूळ निवडणारी बाई, दारावरची जुनी लाकडी नक्षी, शिंप्याच्या दुकानातली पिवळी ट्यूब, कुणाच्या तरी गच्चीतून खाली आलेली मधुमालती. गाडीसाठी सजवलेला रस्ता पायी माणसाला उजाड वाटतो आणि पायी माणसाला रमवणारी गल्ली गाडीवाल्याला गिचमिड वाटते. दोघंही खोटं बोलत नसतात.

याच्या वरची तिसरी नजर ड्रोनची. हल्ली प्रत्येक उद्घाटनाला ड्रोन असतो. वरून गोल कठडे, रंगीत पेव्हर ब्लॉक आणि सरळ रेघा फारच देखण्या दिसतात. मात्र गावातलं कुणी शंभर फुटांवरून आपला चौक बघत नाही. कबुतरं बघतात, पण त्यांचं मत कुणी विचारलेलं नाही.

नजरेसोबत वेळही धरायला हवी. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. भुसावळचा माणूस तर हा आकडा जरा अभिमानानेच सांगतो. अशा मुलखात दुपारी दोनला जिथे पाच मिनिटं उभं राहवत नाही, ती जागा कितीही देखणी असली तरी ते सौंदर्य पाहायला माणूस शिल्लक कुठून राहणार? जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. खानदेशातली धाब्याची घरं, म्हणजे जाड मातीच्या सपाट छपराची घरं, पुढचा ओटा, अंगाला अंग लावून उभ्या भिंती, त्यामुळे गल्लीत दिवसभर टिकणारी सावली. या सगळ्यात देखणेपणा आणि थंडावा वेगळे काढताच येत नाहीत. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या जुन्या झाडांखालून गेलेल्या रस्त्यांना आजही लोक "छान" म्हणतात ते कुठल्या पुतळ्यामुळे नव्हे.

झाड दिसण्याने काय होतं याची एक गाजलेली नोंद आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांचे कागद रॉजर उलरिक या संशोधकांनी तपासले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. १९८४ मध्ये ही तपासणी प्रसिद्ध झाली. रुग्णांची संख्या लहान होती, त्यामुळे तिच्यावरून "झाड म्हणजे औषध" असं घाईने म्हणू नये. पण निंब हा नुसता सावलीचा प्रश्न नव्हता, एवढं तरी त्यावरून कळतं.

धुळ्याच्या रेघा

मामांचा स्वभाव समजायचा तर धुळं समजायला हवं. आग्रा रोड आणि त्याला समांतर गेलेल्या, नंबर घातलेल्या गल्ल्या. धुळ्याचा माणूस पत्ता सांगतो तो "चौथी गल्ली", "पाचवी गल्ली" असा. मामांना हे जगातलं सर्वांत सुंदर शहर वाटतं आणि त्यांच्या मते ते आखलं विश्वेश्वरय्यांनी. धुळ्यात हे कुणीही सांगेल. पण जरा तारखा बघा. विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६०चा. ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले १८८४ मध्ये, आणि पांझरा नदीच्या पाटाचा सायफन, म्हणजे ओढ्याखालून पाणी पलीकडे नेणारी नळी, हे त्यांचं खानदेशातलं खरं काम. धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं करून नवी पेठ सरळ रस्त्यांत वसवली ती कॅप्टन जॉन ब्रिग्जने, पेशवाई बुडाल्यावर लगेच, १८१९च्या सुमारास. मामांना हे एकदा सांगितलं. ते म्हणाले, "असेल. पण रेघ सरळ आहे ना?"

सरळ रेघेचं हे प्रेम जगभर आहे. पॅरिसमध्ये ओस्मान या प्रशासकाने १८५३ ते १८७० या काळात जुन्या वस्त्या फोडून रुंद रस्ते काढले आणि दुतर्फा एका उंचीच्या इमारती उभ्या केल्या. आज लोक पैसे खर्चून बघायला जातात ते हेच पॅरिस. ज्यांची घरं फुटली ते गरीब शहराच्या कडेला फेकले गेले, हेही त्याच नकाशात आहे. याच्या उलट बाजूला व्हिएन्नाचा वास्तुविशारद कामिलो झिटे. त्याने १८८९ मध्ये दाखवून दिलं की जुन्या युरोपीय गावांतले चौक सुखद वाटतात कारण ते वाकडेतिकडे आणि चारी बाजूंनी वेढलेले आहेत. तिथे माणसाला अंगणात उभं राहिल्यासारखं वाटतं. भलामोठा सरळ रस्ता कुठेच संपत नाही, म्हणून तिथे थांबावंसं वाटत नाही.

आता शिस्तीच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण मामा अगदीच चूक नाहीत. पांझरेच्या काठावरची फड पद्धत आठवा. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी कुणाला कधी हे पाटकरी बघणार. आपल्या वावरात मला वाटेल ते पेरीन, असं कुणी म्हणालं तर सगळ्यांचं पाणी बिघडतं. इमारतींच्या उंचीचे, रंगाचे आणि रस्त्यापासून सोडायच्या अंतराचे नियम हे शहराचे फड असतात. जयपूरने १८७६ मध्ये इंग्लंडचा युवराज येणार म्हणून भिंती गुलाबी रंगवल्या. आजही एकेक घर वेगळं पाहिलं तर साधं आहे, पण रांग पाहिली की नजर ठरते. एका घराने थोडं सोडलं तर अख्खी गल्ली कमावते.

फक्त फडात नियम शेतकऱ्यांनी स्वतः ठरवलेले असतात. हा फरक लहान नाही. चंदीगड बघा. १९५१ पासून वास्तुविशारद ल कॉर्बुझिएच्या हाताखाली आखलेलं, चौकोनी सेक्टरांचं, देशातलं सर्वांत शिस्तीचं शहर. त्याच शहरात रस्त्यांवर देखरेख करणारा नेक चंद नावाचा सरकारी नोकर १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून राखीव जंगलात गुपचूप काहीतरी रचत होता. फुटक्या बांगड्या, कपबश्यांच्या खापऱ्या, नव्या शहरासाठी पाडलेल्या घरांचा मलबा. नियमाप्रमाणे ते अतिक्रमणच. १९७० च्या दशकात ते उघडकीला आलं, पण पाडलं गेलं नाही. १९७६ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. आज चंदीगडला जाणारा माणूस आधी हेच रॉक गार्डन बघतो. मला स्वतःला हा किस्सा फार आवडतो, कारण यात सरळ रेघ आणि वाकडी रेघ दोन्ही जिंकतात.

डोळे मिटून पत्ता सांगता येतो का?

केव्हिन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराने "सुंदर आहे का" हा प्रश्न बाजूला ठेवून दुसराच विचारला: हे शहर तुमच्या डोक्यात कसं बसलंय? बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांतल्या लोकांना त्याने आठवणीतून नकाशे काढायला लावले. १९६० मध्ये त्याने निष्कर्ष मांडले. माणूस शहर लक्षात ठेवतो ते रस्ते, कडा, भाग, गाठी आणि खुणा यांच्या आधाराने. ज्या शहरात या गोष्टी स्पष्ट असतात ते "वाचता" येतं. तिथे परक्या माणसालाही हरवल्याची भीती वाटत नाही. जर्सी सिटीच्या लोकांना मात्र आपल्या शहरात ओळखीचं असं सांगायलाच फारसं सापडलं नाही.

ही परीक्षा आपल्याला घरबसल्या करता येते. जळगावात पत्ता सांगताना आपण काय बोलतो? "अजिंठा चौफुलीवरून आत ये, रेल्वे ओलांडू नको, टॉवर चौकात ये, तिथून सतरा मजली दिसेल." चौफुली ही गाठ, रूळ ही कड, आणि सतरा मजली म्हणजे महापालिकेची ती उंच इमारत ही खूण. तिला सुंदर म्हणणारे मला फार भेटले नाहीत. पण ती नसती तर जळगाव डोक्यात धरायला एक खुंटी कमी पडली असती. धुळ्यात पाचकंदीलचं तेच, नदीपलीकडचं देवपूर म्हटलं की वेगळा भाग डोळ्यांसमोर येतो ते पांझरा मध्ये आहे म्हणून. नदीकडे पाठ करून शहर वाढवलं की आपण नुसता देखावा घालवत नाही, शहराचं पान फाडतो.

या कसोटीवर आमचा निंबही खूण होता. "निंबाजवळ उतर" एवढं सांगितलं की पुरायचं. आता मोर खूण होईल का? होईल, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट वारंवार नजरेला पडली की ती नुसत्या ओळखीपायी आवडायला लागते. आयफेल टॉवरविरुद्ध १८८७ मध्ये पॅरिसच्या नामवंत लेखक-कलावंतांनी जाहीर निषेधपत्र काढलं होतं. आज त्याच्याशिवाय पॅरिसचं चित्र काढता येत नाही. वीस वर्षांनी आमच्या गावची पोरं मोराच्या आठवणींनी हळवी होतील, यात मला शंका नाही. सवयीने काहीही गोड होतं. म्हणूनच सवय लागण्याआधी विचार करायचा असतो.

"सौंदर्याला पैसा लागतो, तो आमच्याकडे कुठे?"

याचं उत्तर जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला मिळतं. १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन तिथे भरलं. खेडेगावात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तोवर अधिवेशनं मोठ्या शहरांत, मोठ्या थाटात व्हायची. गांधीजींनी शांतिनिकेतनातून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावून घेतलं आणि अट घातली की जे उभारायचं ते गावात मिळणाऱ्या वस्तूंतून आणि गावच्या कारागिरांच्या हातून. शहरी मंडपाची नक्कल नको. मग सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या मुलखात बांबू, लाकूड, चटया, गवत यांतून टिळकनगर उभं राहिलं. नेत्यांची मिरवणूक निघाली ती सजवलेल्या बैलांच्या रथातून. लाखाच्या घरात लोक आले, आणि त्यांना बघायला मिळालं ते त्यांच्याच घराच्या सामानातून केलेलं काहीतरी भव्य.

हे वाचलं की मला आपल्या दुभाजकातले खजूर आठवतात. लांबून ट्रकने आणलेले, उभे करायला टेकू, जगवायला टँकर, आणि सावली म्हणाल तर छत्रीच्या काडीएवढी. आपल्याकडे निंब, चिंच, वड, पिंपळ, करंज पैशाला पासरी. पण ते "आपलेच" असल्यामुळे सुशोभीकरणात बसत नाहीत.

"आधी गटारी करा, मग सौंदर्याचं बोला"

हा आक्षेप सर्वांत जोरदार, आणि मी स्वतः तो अनेकदा घेतलाय. पण गटार आणि सौंदर्य यांची रांग लावण्यातच गफलत आहे, हे मला पॅट्रिक गेडिस यांच्याकडून कळलं. हे स्कॉटिश गृहस्थ मूळचे जीवशास्त्रज्ञ. १९१५च्या सुमारास भारतात आले, गावोगाव पायी हिंडले, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. धुळ्याहून आग्रा रोडने वर गेलं की इंदूर लागतं. तिथे १९१७-१८च्या सुमारास प्लेगची भीती होती. गेडिस यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केलं की जी आळी सर्वांत स्वच्छ आणि नीटनेटकी दिसेल तिच्यातून मिरवणूक जाईल. झालं! लोकांनी गाड्याच्या गाड्या कचरा बाहेर काढला, भिंती सारवल्या, रंगवल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि मागून पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हार घातलेले झाडूवाले. सन्मान त्यांचा. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वर्षं इंदूर पहिलं आलं तेव्हा मला ही मिरवणूक आठवल्याशिवाय राहिली नाही. शंभर वर्षांपूर्वीचा धागा इथवर येतो असा माझा दावा नाही, पण योगायोग गोड आहे.

त्यांचा दुसरा विचार आपल्या जुन्या पेठांना जास्त उपयोगी आहे. दाट वस्ती सुधारायची म्हणजे मधून रुंद रस्ता फोडायचा, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, वस्ती जिवंत आहे. नेमकं एखादं पडकं घर काढा, तिथे मोकळी जागा आणि झाड करा, गटार वाहती करा, बाकीचं राहू द्या. जळगावचा केळीवाला हे एका वाक्यात समजेल: बाग सुधारायची तर फालतू पिलं कापतात, बाग तोडत नाहीत.

"म्हणजे गरिबीलाच सुंदर म्हणायचं का?"

हिवाळ्यात नंदुरबारला कधी गेलात तर शहराबाहेरच्या मिरचीच्या पथारी बघा. नजर जाईल तिथपर्यंत जमिनीवर पसरलेली लाल मिरची. सकाळच्या तिरप्या उन्हात तो रंग असा पेटतो की छायाचित्रकार लांबून येतात. मीही फोटो काढला. मग वारा फिरला आणि मी दहा मिनिटं खोकत, डोळे चोळत रस्त्याच्या कडेला उभी होते. समोर बायका तोंडाला पदर बांधून मिरचीचे देठ खुडत बसल्या होत्या. एकीने मला पाणी दिलं. तिच्या बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. "रातले हात पेटतस," ती म्हणाली.

त्यामुळे जुनं, दाट, वर्दळीचं ते सगळं सुंदर, असं मी म्हणत नाही. ओट्यावरच्या गप्पा छान असतात, पण त्याच बोळात अग्निशमनाची गाडी शिरत नाही. धाब्याचं घर थंड असतं, पण पावसाळ्याआधी त्यावर माती चढवावी लागते आणि ती कोण चढवतं हे घरातल्या बायकांना विचारा. पथारीचं सौंदर्य खरं आहे आणि त्या बाईचे हातही खरे आहेत. फोटोत पहिलंच येतं. म्हणून एखाद्या जागेला "सुंदर" म्हणणाऱ्याला मी हल्ली विचारते, तू तिथे किती वेळ थांबला होतास?

"ज्याचं त्याचं मत. मग ठरवायचं कुणी?"

कुणीतरी ठरवतच असतं. निविदा निघते तेव्हा सौंदर्याची एक व्याख्या मंजूर झालेली असते, फक्त ती आपल्याला विचारलेली नसते.

विचारण्याच्या जागा कायद्यात आहेत, हे बहुतेकांना माहीत नसतं. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे. झाड तोडायचं तर जाहीर नोटीस लावून हरकती मागवायच्या असतात. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. शहराचा विकास आराखडा १९६६च्या नगररचना कायद्याप्रमाणे तयार होतो आणि त्याचा मसुदाही हरकती-सूचनांसाठी खुला ठेवावा लागतो. आमच्या निंबावर नोटीस होती की नव्हती यावर गावात दोन मतं आहेत. हरकत मात्र एकही गेली नाही, यावर एकमत आहे. त्यात माझीही नाही.

फलकांचंही तसंच. १९९५चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे, तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सने सिग्नल झाकलेला असतो. "लोकांना हौस असते, काय करणार," असं म्हणणाऱ्यांनी ब्राझीलचं साओ पावलो बघावं. एवढ्या प्रचंड शहराने २००६ मध्ये कायदा केला आणि २००७ पासून रस्त्यावरचे जाहिरात फलक उतरवले. लगेच शहर सुंदर झालं का? नाही. फलकांमागून पोपडे उडालेल्या भिंती आणि वर्षानुवर्षं झाकलेल्या वस्त्या बाहेर आल्या. मला तर हाच त्याचा मोठा फायदा वाटतो. निदान काय दुरुस्त करायचंय ते दिसलं.

आता मोराचं. यंदा मेमध्ये लग्नासाठी मामा पुन्हा आले. गाडी गॅरेजला, म्हणून एसटीने. दुसऱ्या दिवशी परतीची बस दोनची होती, ती तीनला आली. मी त्यांना सोडायला गेले होते. मामांनी डोक्यावर रुमाल टाकला आणि काही न बोलता रसवंतीच्या शटराकडे सरकले. दोन ग्लास झाले. तिथून समोर मोर दिसत होता, पाहवत नव्हता एवढा चकाकत होता.

सावली पडते त्याची. तीनच्या सुमारास, पूर्वेच्या बाजूला, कठड्याच्या आत, साधारण सतरंजीएवढी. तीत एक कुत्रं झोपलं होतं.